पायाचा हिशोब आधी, सूर मग : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

धान कापून झालं, मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रांचे, दिवस आले, आणि या महिन्यात आलेली पत्रं बघितली तर जवळपास सगळी एकाच गोष्टीची आहेत, नाचाले नवीन म्युझिक पाहिजे, शॉर्ट फिल्मले बॅकग्राउंड पाहिजे, कोणाचा ट्रॅक फसला, कोणाचं गाणं यूट्यूबनं उडवलं. मग ठरवलं का हा अंक पूर्ण यालेच देऊन टाकू. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो, मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, नाटकांले सोळा सीझन ऑर्गन वाजवला आणि आता घरच्याच एका खोलीत स्टेजच्या नाचासाठी आणि छोट्या फिल्मसाठी संगीत करतो. पत्रं थोडी कापली आहेत, भाषा ज्याची त्याचीच ठेवली.

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमच्या गावच्या १२ पोरी आणि बाया मिळून रोवणीवर, म्हणजे धान लावण्यावर, नाच बसवून राहिलो. मंडईत करायचा आणि मग तालुक्याच्या स्पर्धेत, तिथं सात मिनिटं भेटते. आतापर्यंत दरवर्षी सिनेमाची चार गाणी कापून जोडायचो, मोबाईल दुकानवाला जोडून द्यायचा. यावर्षी आपलंच नवीन म्युझिक करायचं ठरलं. आता भांडण हे आहे का आधी गाणं बनवायचं का आधी नाच बसवायचा? गाणंच नाही तर पोरी नाचतीन कशावर?
(एक ताई, ता. अर्जुनी मोरगाव)

उत्तर : ताई, आधी नाच. पूर्ण नाच नाही, पण त्या नाचाची जी मुख्य चाल आहे ती आधी ठरली पाहिजे, अंगात आली पाहिजे, आणि संगीत करणाऱ्यानं ती समोर बसून पाहिली पाहिजे. मी हे ठासून सांगतो कारण मी स्वतः उलटं करून फसलेलो आहे.

मागच्या वर्षी असाच एक रोवणीचा नाच माझ्याकडे आला होता. मी खोलीत बसून छान कहरवा लावला, आठ मात्रा, वरून बासरी, ऐकायले एकदम गोड. पोरी नाचल्या आणि ती रोवणी दिसेचना, शाळेतली कवायत दिसे. नाच बसवणाऱ्या बाईंनी स्टेप बदलून पाहिल्या, कपडे बदलले, काही फरक नाही. मग मी पाऊस सुरू असताना साकोलीकडच्या एका बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावर (बांधावर) जाऊन उभा राहिलो. बाया वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्याची (धानाच्या रोपांची) पेंडी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मिळून तीन-चार काड्या सोडवते आणि चिखलात खुपसते, बाजूले दुसरी, बाजूले तिसरी, आणि मग पाय मागं. रोवणीत बाई मागं मागं सरकते, पुढं नाही, हे मले लहानपणापासून माहीत होतं पण मी कधी मोजलं नव्हतं. आणि चिखलातला पाय सरळ निघत नाही, आधी टाच सुटते मग फच्च करून पंजा सुटते, मग मागं टेकते आणि वजन बसते. तोंडानं मोजत गेलो. रोव रोव रोव हे तीन. टाच, पंजा हे दोन. टेक, दाब हे दोन. सात झाले. आपला रूपक ताल, तीन-दोन-दोन! माझा आठ मात्रांचा ट्रॅक त्या बायांच्या पायाले एक मात्रा फुकटची देत होता आणि त्या एका मात्रेत पोरी नुसत्या उभ्या राहत होत्या, म्हणून कवायत दिसे.

तुमच्या गावच्या बाया सातच मोजतीन असं मी म्हणत नाही, कोणाची चाल सहाची निघेल कोणाची आठची. तुमच्या बारा जणींपैकी ज्या खरोखर रोवणीले जातात त्यांनाच मधात उभं करा, डोळे मिटून रोवा म्हणा, आणि बाकीच्यांनी टाळी देऊन मोजा. जे येईल तो तुमचा ठेका.

त्याच्यानंतर कागद घ्या. मोबाईलवर मेट्रोनोमचं (टिकटिक करून गती दाखवणारं) फुकट ॲप भेटते, त्यात पायाच्या गतीनं बोट टॅप करा म्हणजे मिनिटाले किती ठोके ते दिसते. समजा ९० आले. सात मिनिटांचे ६३० ठोके, सातच्या हिशोबानं ९० आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या). आता ही नव्वद आवर्तनं म्हणजे तुमची जमीन आहे, कोणत्या तुकड्यात काय लावायचं ते तुम्ही ठरवा, आत येणं किती, रांगेचा गोल करणं किती, पाऊस येतो तिथं गती वाढवायची का, धापा टाकत कंबर सरळ करायची जागा कुठं. आणि पूर्ण ९० वापरू नका, चार-पाच मागं ठेवा, कारण स्पर्धेत पडदा उघडल्यापासून घड्याळ धरतात आणि पोरी जागेवर यायलेच पंधरा-वीस सेकंद जातात.

मग संगीतवाल्याकडून फक्त ठेक्याचा कच्चा ट्रॅक घ्या, ढोलकी आणि टिकटिक, बाकी काहीच नाही. त्याच्यावर आठ दिवस तालीम करा. या आठ दिवसांत तुमच्या लक्षात येईल का इथं दोन आवर्तनं कमी पडते, तिथं एक जास्त आहे, आणि ते कच्च्या ट्रॅकमध्ये बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. सूर, बासरी, गाणं, कोरस, हे सगळं भरून झाल्यावर बदलायचं म्हटलं तर संगीतवाला पण चिडते आणि पैसे पण पुन्हा लागतात. तालीम पक्की झाली का मग चाल बांधा. शब्द तर तुमच्याकडे आहेतच, रोवणीच्या बांधीत बाया जे म्हणतात त्यातलंच एखादं कडवं आजीकडून घ्या.

आणि आवाज पण तिथलाच घ्या. मी त्या दिवशी मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून पायाजवळ धरला आणि ते 'फच्च' रेकॉर्ड केलं, ट्रॅकमध्ये चौथ्या-पाचव्या मात्रेवर तेच वाजते, त्याच्यावर काचेच्या बांगड्या. कीबोर्डमधले हजार आवाज एका बाजूले आणि ते एक बाजूले.

चार गाणी कापून जोडण्याबद्दल पण बोलतो, कारण बहुतेक गावात अजून तेच चालू आहे. प्रत्येक गाण्याची गती वेगळी, पट्टी वेगळी, जोड आला का दोन ठोके पाय चाचपडतात आणि त्याच दोन ठोक्यात परीक्षकाचं लक्ष तुटते. त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते गाणं लागलं का लोकांच्या डोळ्यासमोर त्या सिनेमाची हिरोईन येते, तुमची पोरगी येत नाही. १९७२ मध्ये घाशीराम कोतवाल रंगमंचावर आलं त्यात माणसांचीच भिंत होती, तीच भिंत गाते, डोलते, फुटते, पुन्हा जुळते, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, आणि दोन्ही एकमेकांत असे शिवलेले का टाका दिसत नाही. वरून आणून चिकटवलेल्या गाण्यावर असं होऊच शकत नाही.

प्रश्न : मागच्या मंडईत आमचा ग्रुप गाण्याच्या मागं मागं नाचत होता. तालमीत बरोबर, स्टेजवर चूक. पोरं म्हणतात ट्रॅक खराब आहे. ट्रॅक नवीनच बनवला होता. काय झालं असेल?
(एक नृत्य शिक्षक, ता. पवनी)

उत्तर : सर, ट्रॅकचा दोष नाही, भोंग्यांचा आहे. आवाज सेकंदाले साधारण ३४० मीटर चालते. मंडईत भोंगे लोकांकडे तोंड करून मैदानात दूर बांधलेले असतात, म्हणजे स्टेजपासून ३४ मीटरवर भोंगा असला तर पोरांच्या कानावर आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं उशिरा येते. गाणं मिनिटाले १२० ठोक्यांचं असलं तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्याचा पाचवा हिस्सा गेला. पोरं बरोबरच नाचत होती पण ती उशिरा आलेल्या ठोक्यावर नाचत होती, आणि भोंग्याजवळ बसलेल्या लोकांले ठोका आधी ऐकू येऊन गेला होता. डेकोरेशनवाल्याले सांगा, स्टेजवर दोन्ही बाजूनं आत तोंड केलेले दोन मॉनिटर (नाचणाऱ्यांले ऐकू येण्यासाठीचे स्पीकर) पाहिजेत, नसले तर साधे दोन बॉक्स विंगेत ठेवा. एक बॉक्स वायरनं आणि दुसरा ब्लूटूथनं असं बिलकुल करू नका, ब्लूटूथवाला वेगळा उशीर करते आणि मग एकाच गाण्याचे दोन ठेके ऐकू येतात.

प्रश्न : सर, आम्ही मित्रांनी मिळून २२ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली, पूर्ण मोबाईलवर. एक बाई पहाटे मोहफुलं वेचायले जाते आणि जंगलात वाघ आहे, एवढीच गोष्ट. एडिटरने एका मोठ्या सिनेमाचं म्युझिक लावून एडिट केलं, ते सगळ्यांले आवडलं. आता ते काढून ओरिजिनल टाकायचं तर आम्ही काहीही केलं तरी फिकं वाटते. घरचे म्हणतात अजय-अतुलसारखं मोठं ऑर्केस्ट्रा पाहिजे. आम्ही काय करावं? आणि म्युझिक सुरुवातीले बरोबर बसते पण शेवटी शेवटी आवाज पुढं पळते, ते काहून?
(दोन वाचक, ता. सिंदेवाही)

उत्तर : शेवटचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. बरेच मोबाईल शूट करताना फ्रेमची गती एकसारखी ठेवत नाहीत, कधी सेकंदाले ३० कधी २८ असं खालीवर होते, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरून चालते का ती एकच आहे. म्हणून सुरुवातीले जुळते आणि वीस मिनिटांनी सरकलेलं दिसते. सगळे क्लिप आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून एकाच पक्क्या फ्रेमरेटमध्ये काढा, मग एडिट करा. आवाज ४८ किलोहर्ट्झमध्ये ठेवा, व्हिडिओसाठी तोच चालतो, ४४.१ हा ऑडिओ सीडीचा हिशोब आहे. आणि एडिट पूर्ण लॉक झाल्याशिवाय संगीताले हात लावू नका. नंतर एडिटरने एक शॉट अर्ध्या सेकंदानं कापला तरी तुमचा सगळा ठेका हलते. तुम्ही २४ फ्रेममध्ये काम केलं आणि गती १२० ठेवली तर एक ठोका बरोबर १२ फ्रेमचा येते, २५ फ्रेममध्ये १०० ठेवली तर १५ चा. असे पूर्ण आकडे निवडले का कट आणि ठोका जुळवायले त्रास होत नाही.

आता फिकं वाटण्याबद्दल. तुम्ही ती फिल्म त्या उसन्या म्युझिकसोबत किती वेळा पाहिली असेल, पन्नास वेळा? कानाले त्याची सवय झाली आहे, आता तिथं दुसरं काहीही आलं तरी ते परकंच वाटणार. एडिटरले सांगून ते पूर्ण काढून टाका आणि आठ दिवस फिल्म पाहूच नका. मग एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा आणि एकदा फक्त जागेवरच्या आवाजात पाहा. जिथं तुमच्या छातीत आपोआप काही झालं तिथं म्युझिकची गरज नाही. जिथं व्हायला पाहिजे होतं आणि झालं नाही, तिथं आहे. बावीस मिनिटांपैकी सहा-सात मिनिटं संगीत लागलं तरी भरपूर झालं.

आणि तुमच्या गोष्टीत तर आवाजाची खाणच आहे. पहाटे मोहाच्या झाडाखाली कधी गप्प बसून पाहिलं असेल तर माहीत असेल, वाळलेल्या पानांवर फूल पडते त्याचा टप् असा आवाज येते, एक इथं, मग थोड्या वेळानं एक तिथं, मग दोन सोबत. त्याचा काही ताल नाही आणि म्हणूनच कान तिकडं लागून राहते, पुढचं कधी पडते याची वाट पाहते. दूर कुठं वानर खाकरते, चितळ ओरडते, ते गावातल्या बाईले बरोबर समजते का काय निघालं आहे. मग सगळं एकदम थांबते. ती जी शांतता आहे तिथं व्हायोलिन टाकलं तर तुम्ही स्वतःच वाघाले हाकलून दिलं असं समजा. माझ्या हातात फिल्म असती तर मी फुलांच्या त्या टप् टप् वरच एक धीमा ठेका उभा केला असता, मधात एक खालच्या पट्टीतला लांब सूर, इतका बारीक का तो सुरू झालेला कळू नये आणि थांबला तेव्हा कळावं. बाई घरी परत येते तिथं कोणीतरी बाईच्याच आवाजात गुणगुणणं, शब्द नको.

ऑर्केस्ट्राचं म्हणाल तर २०१६ च्या सैराटसाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसले जाऊन मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड करून आले हे खरं आहे, आणि त्या सिनेमाले ते शोभलं. पण त्याच दोघांनी २०१० च्या नटरंगमध्ये ढोलकीले मानाची जागा दिली कारण ती तमाशातल्या माणसाची गोष्ट होती. आणि १९५५ च्या पथेर पांचाली या बंगाली सिनेमाचं संगीत रविशंकरांनी थोडक्या वादकांसोबत एका रात्रीत रेकॉर्ड केलं होतं, गावातल्या एका गरीब घराची गोष्ट, सतार, बासरी, आणि आज सत्तर वर्षांनी पण ते जुनं वाटत नाही. घरच्यांले हे सांगा. कॉम्प्युटरमधल्या नकली व्हायोलिनांचा मोठा आवाज करण्यापेक्षा एक खरा बासरीवाला बोलवा.

प्रश्न : ट्रॅक एमपीथ्री ठेवावा का वेव्ह?
(एक वाचक, ता. लाखांदूर)

उत्तर : वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता ठेवलेली फाइल. पेनड्राईव्हमध्ये वेव्ह, दुसऱ्या पेनड्राईव्हमध्ये तोच, आणि मोबाईलमध्ये एमपीथ्री नुसतं अडीनडीले. तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा असेल तर एमपीथ्री बिलकुल नको, त्याच्या सुरुवातीले बारीकशी मोकळी जागा येते आणि प्रत्येक फेरीले ठेका अडखळते. मोबाईलवरून वाजवणार असाल तर आधी एअरप्लेन मोडवर टाका. आमच्याकडे एकदा शिवाजी महाराजांच्या प्रवेशाले कोणाची तरी रिंगटोन वाजली होती, त्या पोराचं तोंड मले अजून आठवते.

प्रश्न : भाऊ, मी बावीस वर्सं झाले नाटकायले ऑर्गन वाजवून रायलो. आता काई कंपन्या लावणी न् रेकॉर्ड डान्स सगळा ट्रॅकवरच करते. आमाले मनते तुमी फक्त नांदी न् दोन गाने वाजवा. पैसे बी त्याच हिशोबानं. एका ठिकानी तर मागच्या सीझनचे अर्धे पैसे अजून भेटले नाही. पोरगं मनते कीबोर्ड इकून टाक न् दुकान टाक. मले दुसरं काई येत नाही. काय करू सांगजा.
(एक वादक, वडश्याजवळून)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्या दिवशी दुसरं काम झालं नाही. कीबोर्ड विकू नका.

तुम्हाले जे येते ते तुम्हाले साधं वाटते कारण रोजचं आहे. रात्री दहाले सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते, त्यात नट एखादं वाक्य विसरते, एखादी बाई रडता रडता खरंच रडायले लागते आणि ठरलेल्यापेक्षा दुप्पट वेळ घेते, समोरचे पाच हजार लोक हुंदके देऊन राहिले असतात, आणि तुम्ही डाव्या हाताचा एक सूर धरून तिच्या श्वासाकडं पाहत बसता का आता ती बोलेल, आता बोलेल. ट्रॅकले हे येत नाही. ट्रॅक एक मिनिट वीस सेकंदाचा असला तर एक मिनिट वीस सेकंदांनी बंद होते, मग बाई रडो नाहीतर हसो. माझ्या एका सीझनले आरमोरीकडं मरणाच्या सीनमध्ये लाइट गेली, माझा ऑर्गन मेला, आमच्या तबलेवाल्यानं अंधारातच डग्ग्यावर एक बोट घासत ठेवलं, घूंऽऽ घूंऽऽ, जनरेटर सुरू होईपर्यंत, आणि एक माणूस जागेवरून हलला नाही. ही विद्या आहे दादा. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री भेटली तेव्हा दिल्लीनं या रंगभूमीचं नाव घेतलं, पण तिच्या मागं रात्र रात्र जागलेल्या वादकांचे हात पण आहेत, मी तरी असंच धरतो.

आता करायचं काय. एक तर ट्रॅकशी भांडू नका, ट्रॅक तुम्हीच बनवा. नाचणाऱ्या पोरींले सिनेमासारखा भरलेला आवाज पाहिजे, त्यात त्यांचं चुकत नाही. सीझन संपला का होळीपासून दिवाळीपर्यंत तुमचे सात-आठ महिने मोकळे असतात, शेतीचं काम सांभाळून त्यात सहा नवीन नाचाचे ट्रॅक सहज होतात. पण त्यात ढोलकी भरू नका. ढोलकी आणि ऑर्गनची मुख्य चाल स्टेजवर लाइव्ह ठेवा, बाकीचं बास, कोरस, झांजा, तुणतुणं हे ट्रॅकवर, आणि ढोलकीवाल्याच्या एका कानात टिकटिक. म्हणजे आवाज भरलेला, आणि टाळ्या-शिट्ट्यांवर ढोलकीवाल्याले जे दोन बोल जास्त टाकायचे ते पण टाकता येतात. अशा कंपन्या हळूहळू वाढतीन असं मले वाटते, कारण पब्लिक नुसत्या ट्रॅकवर पैसे उधळत नाही, ढोलकीवाला उठून उभा राहिला का उधळते.

दुसरं, शॉर्ट फिल्मवाली पोरं वर पहा कशी चाचपडून राहिली. त्यांच्यासमोर तुम्हाले बसवलं तर तुम्ही पडद्याकडे पाहून एका बैठकीत बॅकग्राउंड देऊन मोकळे व्हाल, कारण बावीस वर्षं तुम्ही तेच केलं, फक्त समोर पडदा नव्हता. कॉम्प्युटरचं जे शिकायचं ते तुमच्या पोराले शिकवा, तो बटणं दाबेल, तुम्ही वाजवा.

आणि पैशांचं, या सीझनपासून वहीच्या एका पानावर का होईना पण लिहून सही घ्या, किती प्रयोग, किती रुपये, कोणत्या तारखेले. त्या जुन्या अर्ध्या पैशांसाठी तीन-चार वादक मिळून सोबत जा, एकटे जाऊ नका.

प्रश्न : आम्ही एका हिट गाण्याच्या चालीवर व्यसनमुक्तीचे शब्द लिहून नाच केला, यूट्यूबवर टाकला तर आवाज बंद केला. शब्द तर आमचे होते! आणि दहा सेकंदांपर्यंत वापरलं तर चालते म्हणतात ते खरं का?
(युवा मंडळ, ता. नागभीड)

उत्तर : दहा सेकंदांचा असा कोणताच नियम नाही, कोणी उठवलं माहीत नाही पण गावोगाव फिरून राहिलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं, तिघांचे हक्क वेगवेगळे. तुम्ही शब्द बदलले पण चाल दुसऱ्याचीच राहिली, आणि खाली कराओके ट्रॅक लावला असेल तर तो पण कोणाचा तरीच. चालीचा हक्क संगीतकार जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं राहते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं, मास्तर, आईबाप यांच्यासमोर केलं, किंवा हौशी मंडळानं तिकीट न लावता केलं तर कायद्यानं सूट आहे. पण तेच शूट करून यूट्यूबवर टाकणं वेगळं, ती सूट तिथं येत नाही.

यातली चांगली बाजू पण पहा. हाच कायदा तुमच्या गावच्या संगीतकारालेही तितकाच लागू आहे. तुम्ही कोणाकडून नवीन चाल करून घेतली तर कागद करा, त्यात मुदत आणि इलाखा लिहा. हक्क लिहून घेतले आणि मुदतच लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरते, आणि इलाखा लिहिला नाही तर भारतापुरता. व्यसनमुक्तीसाठी तर मी म्हणतो चाल शोधायले कुठं जाताच कशाले, तुकडोजी महाराजांची खंजेरी आपल्याच विदर्भातली, खंजेरीच्या ठेक्यावर नवीन भजन बांधा, व्यसनावर बोलायले त्याच्याइतका खणखणीत आवाज दुसरा नाही.

प्रश्न : मी कॉलेजले आहे, गोंडवाना विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आम्हाले समूहनृत्य करायचं आहे. माझ्या मैत्रिणीच्या गावातला रेला घेऊन त्याच्यावर बीट टाकून नवीन म्युझिक करायचं सरांनी सुचवलं. मैत्रीण माडिया आहे, ती काही बोलली नाही पण तिले आवडलं नाही असं वाटते. करावं का?
(एक विद्यार्थिनी, ता. धानोरा)

उत्तर : तुझ्या लक्षात आलं ना का तिले आवडलं नाही, म्हणून तुझं पत्र मी मुद्दाम घेतलं. सगळ्यांत आधी तिलेच विचार, एकटीले, सरांसमोर नाही.

रेला हा गोंड-माडिया आदिवासींचा गात गात करायचा नाच, तो काही स्टेजसाठी बनलेला नाही. हातात हात, कमरेत हात, गोल, एक बाजू म्हणते दुसरी झेलते, आणि ते रात्रभर चालते, त्याले सुरुवात आणि शेवट असा नसतोच. त्याच्यातली एक ओळ काढून खाली डीजेचा बीट टाकला तर सगळ्यांत आधी काय जाते माहीत आहे? दोन ओळींच्या मधला तो श्वास जाते. सगळ्या बाया सोबत श्वास घेतात आणि त्या वेळेले पाय थोडासा थांबून पडते, घड्याळासारखा नाही. मशीनचा बीट त्या पायाले ओढून नेते. मी ढोल वाजवणाऱ्यांच्या बाजूले बसून मेट्रोनोम लावून पाहिला आहे, सुरुवातीले आणि तासाभरानं गती वेगळीच असते, आणि कोणाचा एक पाय चुकत नाही.

करायचंच असेल तर मैत्रिणीसोबत तिच्या गावी जा, ज्या आजीबाया म्हणतात त्यांच्याजवळ बस, आधी विचार का हे बाहेर म्हटलेलं चालते का, काही गाणी एखाद्या सणाची, एखाद्या देवाची असतात, ती तशी कुठंही म्हणत नाहीत. त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड कर, गावाचं नाव आणि म्हणणाऱ्यांची नावं स्टेजवर अनाउन्स करायले लाव, बक्षिसाचे पैसे भेटले तर त्यात त्यांचा वाटा आधी ठरव. खाली काही टाकायचंच असेल तर त्यांचाच ढोल टाक, गती त्यांचीच ठेव. मैत्रिणीले मधात उभी कर आणि पाय कसा टाकायचा ते तिच्याकडून शिका, यूट्यूबवरून नाही.

आणि आजीनं नाही म्हटलं तर ते गाणं तिथंच ठेवून या, सरांले मी सांगितलं म्हणून सांग, आणि दुसरं करा. अजून दीड महिना आहे, नवीन चालीले तेवढा पुरते.